तलाव भरलेला अन् बोअर कोरडा : खाली आहे तरी काय

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण असाच प्रश्न झाडीपट्टीत दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गाव अर्जुनी मोरगावकडचं, गावाला ५० एकरांचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी जुना तलाव, त्यात फेब्रुवारीपर्यंत हमखास पाणी. तलावाच्या पाळीपासून, म्हणजे मातीच्या बांधापासून, ३०० फुटांवर तुमचं वावर आहे, तिथं दोन वर्षांत दोन बोअर मारले, एक २१० फूट अन् दुसरा ३२० फूट, दोन्हीत नुसती धूळ उडाली. आणि तुमच्या धुऱ्याला लागूनच काकांची ३५ फुटांची जुनी विहीर आहे, तिच्यात एप्रिलमध्येही मोटर दीड-दोन तास चालते. आता गावात तलावाचा गाळ काढायचं चालू होऊन राह्यलं, तर गाळ काढला की पाणी खाली मुरून बोअरला येईल काय, का तिसरा बोअर एकदम ५०० फूट मारू, असं तुम्ही विचारलं.

आधी उत्तर सांगून टाकतो. तिसरा बोअर मारू नका. पाणी तुमच्या वावरात आहे, पण ते १५ ते ५० फुटांच्या मधात आहे, अन् तुमचे दोन्ही बोअर त्या पाण्यातून आरपार खाली निघून गेले. आता काहून ते सांगतो. त्यासाठी जमिनीच्या आत थोडं उतरावं लागते, म्हणून लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी २७ वर्षं हेच काम करून राह्यलो, विहिरी-बोअरच्या जागा पाहणं, खोदकामाच्या वेळी चुरा तपासणं, तलावांचा सर्व्हे. सुरुवातीची काही वर्षं अमरावती-यवतमाळकडे काढली अन् मग भंडारा-गोंदियात आलो तर पहिल्या वर्षी माझेच अंदाज चुकले, कारण तिकडची जमीन वेगळी अन् इकडची वेगळी. हे लोक लक्षातच घेत नाहीत. पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले त्याचा. तिथं भाकरीची चवड असावी तसे थर आहेत, एक थर घट्ट, त्याच्या माथ्यावरचा सच्छिद्र, मधात कुठं लाल मातीचा पट्टा. त्यामुळे तिकडं १०० फुटांवर नाही लागलं तर २०० फुटांवर दुसऱ्या थरात लागते, असं बरेचदा होते. नागपूर शहर बरोबर या दोन्हीच्या सीमेवर बसलेलं आहे, शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण अन् पूर्वेला निघालात की तो संपून जुना पांढरट-राखाडी खडक सुरू. आपण त्या पूर्वेच्या बाजूचे.

आपल्याकडच्या खडकाला ग्नाइस म्हणतात. पुस्तकात तर त्याचं नावच आमगाव ग्नाइस आहे, आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाववरून पडलेलं. वय २०० कोटी वर्षांच्या वर. साकोलीच्या पट्ट्यात त्याच्यासोबत फायलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट असे दुसरे जुने खडक येतात, अन् तुमसरकडे गेलं की संगमरवर, अभ्रकाचे शिस्ट अन् मॅंगनीज, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणी त्याच्यातल्याच. हे सगळे खडक पृथ्वीच्या पोटात दाबले गेले, तापले, घड्या पडल्या, अन् आता ते बेसाल्टसारखे आडव्या थरात नाहीत, बरेचदा उभे किंवा तिरपे आहेत. मुख्य गोष्ट ही की ताज्या ग्नाइसमधे पाणी साठवायला जागाच नसते. पाणी राहते ते फक्त त्याच्या भेगांमधे आणि त्याच्या वर जो सडलेला भाग आहे त्याच्यात. तिकडचा रिगवाला, म्हणजे बोअरच्या मशीनवाला, तिकडच्या अनुभवानं सांगते की अजून १०० फूट जाऊ, खाली दुसरा झरा आहे. तो खोटं बोलत नाही, त्याच्या भागात ते खरं आहे. पण इथं जितकं खाली जाल तितक्या भेगा दाबाखाली मिटत जातात.

आता काकांच्या विहिरीकडे चला. शक्य झालं तर मे महिन्यात पाणी तळाला गेलं की कठड्यावरून टॉर्च मारून भिंत नीट पाहा, बांधकाम नाही तिथली. वरचे दोन-तीन फूट काळी माती, तुम्ही तिला कन्हार म्हणत असाल, किंवा चुनखडीचे पांढरे खडे असतील तर मोरंड. त्याच्या खाली चार-सहा फूट पिवळट चिकट माती, उन्हाळ्यात तिला उभ्या चिरा पडतात. मग मुरूम सुरू होते. अन् मुरमाच्या खाली जो भाग येते तो बारकाईनं पाहा. लांबून पाहिलं तर तो दगडच वाटते, त्याच्यात ग्नाइसचे काळे-पांढरे पट्टेसुद्धा जसेच्या तसे दिसतात, पण बोटानं खरवडलं की साखरेसारखा सुटते. त्याला आमच्यात सडका दगड म्हणतात. एकेकाळचा पक्का ग्नाइसच आहे तो. पावसाचं पाणी लाखो वर्षं त्याच्यात मुरत गेलं, त्यातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पांढरी माती झाली, अभ्रक फुगला, क्वार्ट्झचे कण मोकळे झाले. पट्टे राहिले, ताकद गेली. त्या सुटलेल्या कणांच्या मधल्या जागेत पाणी बसलेलं आहे. काकांच्या विहिरीचे जे झरे आहेत ते बहुतेक या सडक्या दगडाच्या तळाशीच असतील, जिथं तो पक्क्या खडकाला टेकते तिथं, भिंत ओली अन् काळपट दिसेल.

किती पाणी असते त्याच्यात, हेही सांगतो, कारण आकडा कळला की निर्णय सोपा होते. केंद्र सरकारच्या भूजल अंदाजाच्या पद्धतीत, १९९७ च्या, प्रत्येक खडकाला एक टक्का धरलेला आहे, म्हणजे त्या खडकातून विहिरीला खरोखर किती पाणी सुटून येऊ शकते. नदीकाठची वाळू असेल तर १६ टक्के. सडका ग्नाइस, ज्याच्यात चिकणमाती कमी आहे, तर ३ टक्के. त्याच्यात चिकणमाती जास्त झाली तर दीड टक्का. अन् खालचा पक्का, भेगा कमी असलेला खडक तर ०.३ टक्के. म्हणजे सडक्या दगडाच्या एक हजार लिटरच्या ढेपीतून ३० लिटर पाणी मिळते अन् खालच्या पक्क्या खडकाच्या तेवढ्याच ढेपीतून ३ लिटर. तुम्ही ३२० फुटांपैकी अडीचशेच्या वर फूट त्या ३ लिटरवाल्या दगडात खोदले.

अन् वरचे जे ५०-६० फूट होते, त्यांचं काय झालं? ही गोष्ट रिगवाला सांगत नाही अन् शेतकरी विचारत नाही. हवेच्या दाबानं हॅमर मारून बोअर करतात तेव्हा वरची माती-मुरूम ढासळून भोकात पडू नये म्हणून केसिंग पाइप टाकावा लागते, आणि तो पक्का खडक लागेपर्यंत नेऊन घट्ट बसवतात. म्हणजे आपल्या भागात ज्या थरात पाणी आहे नेमका तोच थर पाइपानं बंद होते. पाणी पाइपच्या बाहेरच्या बाजूला उभं असते अन् आतून कोरडी धूळ निघत राहते. तुम्ही लिहिलं की पहिल्या बोअरला ४०-४५ फुटांवर थोडा ओला चिखल आला होता अन् मग परत कोरडं झालं. बरोबर तेच. तिथं पाणी होतं, केसिंग खाली सरकली अन् ते बंद झालं. मी अशा कोरड्या म्हणून सोडलेल्या बोअरच्या १५-२० फुटांवर विहीर खोदून पाणी लागलेलं पाहिलं आहे, एकदा नाही, बरेचदा, अन् त्या शेतकऱ्याचं दोन बोअरचं कर्ज तेव्हा अजून फिटायचं होतं. त्याच्याच मुळे हे इतकं लांबवून लिहून राह्यलो.

आता तलावाचा मुद्दा. तुम्ही म्हणता एवढं पाणी वर उभं आहे तर ते खाली काहून जात नाही. जाते, पण हळू, अन् सरळ खाली जात नाही.

उन्हाळ्यात तलाव आटला की आम्ही एक साधा प्रकार करतो. अडीच-तीन इंचाचा जाड लोखंडी पाइप घ्यायचा, खालची कड घासून धार लावायची, तलावाच्या खोलगट भागात जिथं चिखल अजून ओलसर आहे तिथं घणानं ठोकत पाच-सहा फूट उतरवायचा, वरचं तोंड ओल्या बोऱ्यानं घट्ट बांधून गोल फिरवत उपसायचा अन् आतली माती दांड्यानं ढकलून ताडपत्रीवर लांब पसरवायची. मग ती चाकूनं मधोमध चिरायची. तलावाचा सगळा इतिहास तिथं झोपलेला असते. सगळ्यात वर काळा मऊ गाळ, त्याच्यात कमळाच्या मुळ्या, गवताचे कुजके तंतू, बारीक गोगलगायींची पांढरी कवचं, अन् चिरल्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास येते, कारण आत हवा पोचत नाही. त्याच्या खाली निळसर करड्या रंगाची चिकणमाती, हातात घेतली तर साबणासारखी लागते, अन् तिच्यात जिथं जिथं एखादं जुनं मूळ गेलं होतं तिथं तिथं गंजासारखी तांबूस रेघ असते, कारण मुळाच्या वाटेनं हवा गेली अन् लोखंड गंजलं. मधातच कधी बोटभर जाडीची वाळूची पट्टी येते, एखाद्या साली मोठा पूर आला असेल अन् नाल्यानं वाळू आणून टाकली असेल. अन् सगळ्यात खाली एकदम रंग बदलते, पिवळी-तांबडी सिहार माती, कडक, तिच्यात खडे. ती तलाव बांधायच्या आधीची जमीन. कोहळी लोकांनी, म्हणजे इथले तलाव बांधणाऱ्या समाजानं, पाळ घातली त्या वेळी लोक जिच्यावरून चालत होते ती. ती पहिल्यांदा हातावर घेतली होती तेव्हा मी बराच वेळ बोललो नव्हतो, अजूनही ती रेघ दिसली की मन भरून येते.

तर ती जी निळसर चिकणमाती आहे, ती तलावाची खरी बुडी. पाणी तिच्यातून फार हळू उतरते. म्हणून तलावात पाणी टिकते, नाहीतर मुरमाच्या खड्ड्यात पाणी दिवाळीपर्यंत राहिलं नसतं. आपले पूर्वज जागा निवडताना डोंगराच्या कुशीतली, दोन टेकड्यांच्या मधातली बोळ पाहत अन् तेवढी पाळ घालत. नवेगावबांध त्याचाच मोठा नमुना, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात अन् भोवती सात बहिणींच्या टेकड्या आहेत. कठीण खडक टेकडी म्हणून उभा राहते, नरम खडक झिजून त्याची वाटी होते, अन् वाटीत बारीक माती येऊन बसते. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत, ही जागा वाचता आल्याशिवाय ते झाले नसते.

पण बुडी चिकट असली तरी तलाव काही प्लास्टिकचा टब नाही. कडेकडेनं जिथं गाळ पातळ आहे अन् पाळीच्या खालून, तिथून पाणी मुरतेच. मघाच्याच पद्धतीत तलावासाठी दिवसाला १.४ मिलिमीटर मुरते असं धरतात, पाणी पसरलेल्या सगळ्या क्षेत्रावर. ५० एकर म्हणजे साधारण २० हेक्टर. भरलेला असताना गुणाकार करून पाहा, रोजचं २ लाख ८० हजार लिटर होते. पाणी उतरत गेलं की क्षेत्र कमी होते, तेवढं मुरणंही कमी होते, तरी हा लहान आकडा नाही. हे पाणी बुडीखालच्या मुरमात अन् सडक्या दगडात शिरते अन् पक्का खडक लागला की खाली जायला वाट नाही म्हणून उताराच्या दिशेनं आडवं सरकते. पाळीखालच्या बांध्यांमधे मार्चपर्यंत ओल राहते, काकांच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी असते, ते हेच. २०० फुटांच्या खाली हे पाणी पोचायचं तर एखादी उघडी भेग थेट वरपर्यंत आलेली पाहिजे, अन् ती तुमच्या बोअरच्या साडेसहा इंचाच्या भोकाला नेमकी सापडली पाहिजे.

भेगा असतात, असं नाही की नसतात. आपल्या भागात कुठं कुठं १५० फुटांवर चांगला दोन इंची पाण्याचा बोअर लागलेला आहे, अन् तो पाहूनच बाकीचे मारतात. पण ती भेग म्हणजे जमिनीत उभी असलेली एक पातळ फट, तिच्यापासून २० फूट बाजूला गेलात की काही नाही. अशा भेगांच्या रेषा नकाशावर, उपग्रहाच्या फोटोत सरळ नाल्यांच्या रूपात दिसतात, नाला एकदम काटकोनात वळला तर समजायचं खाली काही तरी आहे. कधी याच्या उलट होते, पांढऱ्या गारगोटीची एक भिंत जमिनीत उभी असते अन् ती पाणी अडवते, एका बाजूच्या विहिरी भरलेल्या अन् दुसऱ्या बाजूच्या कोरड्या. हे पाहायचा उपाय म्हणजे रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणं. चार लोखंडी खुट्या एका रेषेत ठोकून करंट सोडतात अन् खुट्यांमधलं अंतर वाढवत नेतात, तसतसं खोलवरचं कळत जाते. ओली चिकणमाती २० ओहम-मीटरच्या आत येते, पाणी असलेला सडका दगड साधारण ३० ते १०० च्या मधात, अन् ताजा ग्नाइस हजाराच्या वर उडते. आलेख वर गेला अन् परत खाली आलाच नाही तर खाली काही नाही हे अर्ध्या दिवसात समजते. पाणाड्याला मी वाईट बोलत नाही, चांगला जुना पाणाड्या उंबर, सिंदी, वारूळ, गवताचा रंग हे सगळं पाहत असते अन् ३०-४० फुटांच्या पाण्याबद्दल त्याची नजर बरेचदा बरोबर निघते. खोल भेगेबद्दल मात्र त्याच्या सांगण्यावर लाखभर रुपये लावू नका.

एक गोष्ट अजून, तुमचा दुसरा बोअर ३२० फूट आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली, खोदायला बंदी आहे. लोकांना हे माहीतच नाही अन् रिगवाले सांगत नाहीत. अन् आपल्या खडकात इतक्या खोलचं पाणी लागलंच तर ते वर्षानुवर्षं दगडाशी घासून थांबलेलं असते, त्याच्यात फ्लोराइड वाढलेलं राहू शकते. पिण्याच्या पाण्यात दीड मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर पोरांचे दात अन् मोठ्यांची हाडं जातात. प्यायचं असेल तर तपासणी केल्याशिवाय घरात घेऊ नका. तलावाजवळच्या उथळ पाण्यात याच्या उलट लोखंड जास्त असते, बादलीत पाणी रात्रभर ठेवलं की तांबडं होते, हवा लागू देऊन गाळलं तर बरंच निघून जाते.

आता गाळाचं, अन् इथं माझं मत जरा ठाम आहे.

काही वर्षांपूर्वी साकोलीकडच्या एका गावात, गावाचं नाव घेत नाही, तलावाचं काम सुरू होतं. गाळ काढायला पोकलेन आणलं अन् ठेकेदाराला दुसरीकडे रस्त्याला मुरूम पाहिजे होता. एका कोपऱ्यात त्यानं काळा गाळ बाजूला सारला, ती निळसर बुडी फोडली अन् आठ-नऊ फूट मुरूम उचलून नेला. मी तिथं गेलो तोपर्यंत खड्डा झालेला होता. खड्ड्याच्या भिंतीवर सगळे थर कापलेले स्वच्छ दिसत होते, काळा, निळसर, तांबडा, अन् त्याच्या खाली उघडा मुरूम. पहिल्या पावसाळ्यात तलाव भरला, सगळे खुश. अन् जानेवारीत तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या, पाळीखालच्या दोन विहिरी मात्र त्या वर्षी काठोकाठ. पाणी गेलं नव्हतं, फक्त तलावातून जमिनीत उतरलं होतं. पण धानाला शेवटचं पाणी तलावाच्या पाटानं मिळायचं ते मिळालं नाही, ज्याच्या वावरात विहीर नाही त्याचं पीक वाळलं, अन् ढीवर समाजाची मासेमारी त्या साली पूर्ण बुडाली. अशा वेळी पाणी कोणाच्या वाट्याचं कोणाला गेलं हे पाहावं लागते.

म्हणून तुमच्या गावात काम व्हायच्या आधी ग्रामसभेत हे सांगा. गाळ काढणं वाईट नाही, काही तलावांत इतका गाळ साचलेला आहे की पाणी ठरायला जागाच उरली नाही. पण आधी तलावात पाच-सात जागी वर सांगितला तसा पाइप ठोकून पाहा अन् काळा गाळ किती फूट, निळसर माती किती फूट, जुनी जमीन कुठं सुरू होते, हे वहीत लिहा. काढायचा तो फक्त वरचा काळा मऊ गाळ. निळसर मातीला हात लावायचा नाही, निदान हातभर तरी राहू द्यायची. पाळीच्या पायथ्यापासून बरंच लांब राहायचं, तिथं खोदलं तर पाळीचा आधार जाते. अन् सगळा तलाव एकसारखा खोल करू नका, कडा सपाट उतरत्या राहू द्या, कारण त्या घोटाभर पाण्यातच देवधान, म्हणजे जंगली धान, येते, मासोळी अंडी घालते, अन् गोंदिया जिल्ह्यात जे थोडे सारस उरले आहेत ते अशाच उथळ कडेला अन् धानाच्या बांधीत घरटं करतात. सरळ भिंतीचा खड्डा केला तर पाणी असून तलाव मेला. बेशरम मात्र मुळासकट काढा, ती ठेवून काही फायदा नाही. काढलेला गाळ सिहार अन् बर्डीच्या हलक्या जमिनीत टाका, तिथं तो सोन्यासारखा लागते. कन्हारीत टाकू नका, तिच्यात आधीच चिकणमाती भरपूर आहे, निचरा अजून बिघडेल.

अन् गाळ काढला म्हणून तुमच्या बोअरला पाणी येईल ही आशा सोडा. काकांच्या विहिरीत अन् तुमच्या नव्या विहिरीत कदाचित थोडी वाढ होईल, बस.

हो, नवी विहीर. माझा सल्ला तोच. तुम्ही चुऱ्याचा जो रंग लिहिला, पांढरट-राखाडी, चमकणारा अभ्रक अन् गुलाबी कण, त्यावरून खाली ग्नाइसच आहे. वावराचा जो कोपरा पाळीच्या खाली जुन्या नाल्याच्या वाटेवर येते, जिथं पावसाळ्यानंतर सगळ्यात उशिरापर्यंत ओल राहते, तिथं १५-२० फूट व्यासाची विहीर, खोली ३५ ते ४५ फूट, म्हणजे सडका दगड संपून पक्का खडक लागला की दोन-चार फूट त्याच्यात. खोदकाम मेमध्येच करा, तेव्हाच खरी पातळी कळते. झरे कमी वाटले तर तळाशी, सडका अन् पक्का दगड जुळते त्या रेषेवर, आडवे बोअर मारा, तलावाच्या दिशेनं दोन अन् बाजूला एक. विहिरीचं हे सोपं आहे, ती थर बंद करत नाही, उलट मोठ्या घेरानं तो उघडा ठेवते अन् रात्रभर हळूहळू भरते. दीड-दोन तास मोटर चालली अन् मग थांबावं लागलं तर तो दोष समजू नका, ३ टक्क्यांच्या दगडाची चालच तेवढी आहे. काकांच्या विहिरीपासून शक्य तेवढं अंतर ठेवा, दोघंही एकाच थरातून ओढाल.

तुमचं वावर चुलबंद किंवा वैनगंगेच्या काठचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. नदीकाठी वर गाळ, मग वाळू, मग गोटे, असे थर असतात अन् वाळूचा पट्टा लागला तर उथळ बोअरही भरपूर पाणी देते, फक्त वाळू आत येऊ नये म्हणून चिरा पाडलेला पाइप अन् भोवती बारीक गिट्टी भरावी लागते. पण तो पट्टासुद्धा सलग नसते, नदीनं जुनं पात्र जिथं सोडलं तिथंच असते.

जुन्या बोअरबद्दल विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. ते उघडे ठेवू नका, आजच झाकण वेल्डिंग करून घ्या, लेकरं-वासरं पडतात. तलावाचं गढूळ पाणी त्याच्यात पुनर्भरण म्हणून सोडा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, गाळानं भेग बुजते अन् जंतू सरळ खाली जातात.

अन् विहिरीचा खर्च करायच्या आधी दोन कामं करा, दोन्हींना पैसे लागत नाहीत. एक, रिगवाल्याला फोन करून दोन्ही बोअरला केसिंग किती फूट लागली ते विचारा, त्याच्या बिलावर लिहिलेलं असतेच. ५०-६० फूट म्हणाला तर सडका दगड तेवढा जाड आहे अन् विहिरीला जागा चांगली. २० फूट म्हणाला तर पक्का खडक वरच आहे, मग त्या कोपऱ्यात खोदू नका, काकांच्या बाजूला सरका. दुसरं, काकांच्या विहिरीत दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजा, अन् त्याच दिवशी तलावाच्या मोरीजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळची, पातळीही लिहून ठेवा, आतापासून मेपर्यंत. तलाव उतरला की विहीर किती दिवसांनी उतरते, हे त्या वहीतून कळेल, अन् त्यावरून नवी विहीर पाळीच्या किती जवळ घ्यायची ते ठरवता येईल.